बाबांचं रेटकार्ड

बाबा निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत आमच्या बिल्डिंगचे मिक्सर-डॉक्टर झाले. कार्बन ब्रश झिजला, कपलर तुटला, पंखा घरघरायला लागला की लोक थेट आमच्या दारात. दुरुस्ती वीस मिनिटांची, गप्पा तासभर. मोबदला म्हणजे कधी कैऱ्या, कधी डबाभर चकल्या.

मला वाटलं, लोक बाबांना फुकट राबवून घेतायत. मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रेटकार्ड टाकलं: तपासणी ५० रुपये, दुरुस्ती १००, वेळ संध्याकाळी ५ ते ७. बाबा काही बोलले नाहीत. मी तो होकार समजले.

पैसे यायला लागले. लोक मात्र बसेनासे झाले. मिक्सर ठेवायचे, जीपे करायचे, "सातपर्यंत होईल ना?" विचारून निघायचे. महिन्याभरात बाबांनी टेस्टर, पकड सगळं डब्यात भरलं आणि डबा माळ्यावर टाकला. "परत नोकरी लागल्यासारखं वाटतं गं," एवढंच म्हणाले.

एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सोमा नावाचं ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. त्यातल्या काहींना मधल्या सत्रात दर कोड्यामागे एक डॉलर मिळाला. पुढच्या सत्रात पैसे थांबले, तेव्हा मोकळ्या वेळात कोड्याशी खेळण्यातला त्यांचा रस घटलेला दिसला. नंतर रिचर्ड रायन यांच्यासोबत डेसींनी मांडलं, की मनापासून काही करत राहायला माणसाला तीन गोष्टी लागतात: हे मी माझ्या मर्जीने करतोय ही भावना, मला हे जमतं ही खात्री आणि आपली माणसं.

हे वाचताना मला आमचं रेटकार्डच दिसत होतं. पैसे वाईट नव्हते. पण दर मी ठरवला, वेळ मी ठरवली. आणि शंभर रुपयांत लोकांचा हिशोब मिटला, तशा गप्पाही मिटल्या. बाबांचं कसब तेवढं शाबूत राहिलं.

रेटकार्ड रद्द झाल्याचं मी ग्रुपवर कळवलं. डबा माळ्यावरच राहिला. शेवटी म्हणाले, "बाबा, माझा टेबल फॅन आवाज करतोय. कधी वाटलं तर बघा."

आठ दिवस त्यांनी फॅनला हात लावला नाही. मीही आठवण केली नाही. तेच फार जड गेलं. नवव्या दिवशी ऑफिसातून आले तर हॉलभर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर फॅनचे सुटे भाग आणि बाजूला चहाचे दोन रिकामे कप.

समोरचे काका येऊन गेले होते म्हणे.