शून्यापासून मोजा!

गेल्या पावसाळ्यात अंधेरीतल्या आमच्या लॅबचा सर्व्हर पीं-पीं करू लागला. रेड कंट्रोलर सांगत होता, ‘कप्पा ३ ची डिस्क गेली.’ मी ऐटीत तिसरी डिस्क उपसली. सगळं ठप्प! कप्पे शून्यापासून मोजतात, हे इंजिनिअर महाशय विसरले होते.

चार डिस्कचं रेड ५ म्हणजे आपल्या मेसचं बिल. तिघांचे आकडे आणि बेरीज लिहिलेली असेल, तर खोडलेला एक आकडा काढता येतो. दोन गेले की संपलं!

घाबरून मी कंट्रोलरच्या सेटअपमध्ये ‘इनिशलाइझ’वर आलो. सर ओरडले, “थांब! पाटी कोरी होईल!” त्यांनी उपसलेली डिस्क परत बसवून ऑनलाइन आणली, मेलेली बदलली. रिबिल्ड रात्रभर चाललं. सीनियर्सची प्रोजेक्ट्स वाचली.

“आणि नसती वाचली तर?” मी विचारलं. सरांनी बॅगेतून हार्ड डिस्क काढली. दर शनिवारी एक कॉपी मुलुंडला, घरी.

“२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यात पाणी शिरलं तर चारही डिस्क एकदम बुडतात. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, बाळा.”

त्याच रात्री माझं प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर घेऊन घरी पाठवलं. मित्रांनो, तुमचं कुठे आहे?