तो शॉट माझा नव्हताच

तर झालं असं, की ऑफिसातल्या कॉर्पोरेट फिल्म्सना कंटाळून मी दोन वर्षांपूर्वी स्वतःची डॉक्युमेंटरी करायला घेतली. विषय, मुरूडजवळच्या राजपुरीहून पर्यटकांना जंजिऱ्यावर नेणाऱ्या शिडाच्या होड्या. चार वीकएण्ड, उसना कॅमेरा, खारं वारं. फुटेज जमलं नऊ तासांचं आणि फिल्म हवी होती बारा मिनिटांची!

ते नऊ तास मी ऑफिसमधल्या एडिटर मैत्रिणीच्या गळ्यात मारले. काम संपलं की ती रात्री लॅपटॉप उघडायची आणि मी शेजारी वडापाव खात 'हा शॉट तरी ठेव ना गं' करायचो. एकदा तिने एक तुकडा दाखवला. मुलाखत संपलीय, मी कॅमेरा बंद करायला विसरलोय. म्हातारे तांडेलकाका शिडाकडे बघतात, दोरी किंचित सैल सोडतात, पुन्हा बघतात. बोलत काहीच नाहीत. अकरा सेकंद. माझ्या लेखी कचरा. तिने तोच फिल्मचा पहिला शॉट केला आणि माझं लाडकं, इतिहासाचं अडीच मिनिटांचं निवेदन उडवलं. दोन दिवस आमचं बोलणं बंद.

अलिबागला छोटासा शो झाला. शेवटी पाटी आली, 'अ फिल्म बाय' आणि पुढे एकटं माझं नाव. तिचं नाव नंतर, गाडी देणाऱ्या मित्राच्या खाली. शो संपल्यावर एक आजोबा माझा हात धरून म्हणाले, "काय नजर आहे हो तुमची! तो पहिला शॉट..." मी म्हणालो, "थँक यू." ती मागेच उभी होती.

(प्रेझेंटेशन आपण करतो, त्यातली एक्सेल शीट ज्युनियरने रात्री दोनपर्यंत जागून केलेली असते आणि बॉस 'वेल डन' आपल्याला म्हणतो. ओळखीचं वाटतंय?)

मांडव्याहून परतताना लाँचवर ती सीगल्सना गाठ्या टाकत होती.

"रागावलीस?"

"'परिंदा' कुणी एडिट केला, माहितीये?"

माहीत नव्हतं. शूटिंगच्या वेळी मुरूडमध्ये मात्र सगळ्यांनी सांगितलं होतं, "नाना पाटेकर आमच्या मुरूडचा!" १९८९च्या 'परिंदा'साठी नानांना सहायक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी, त्याच सिनेमासाठी संकलनाचं मिळालं रेणू सलुजा यांना. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना खरं तर दिग्दर्शन शिकायचं होतं, प्रवेश मिळाला संकलनाला. पुढे 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर' धरून एकूण चार राष्ट्रीय पारितोषिकं. 'जाने भी दो यारो'सुद्धा त्यांनीच एडिट केलेला. २००० साली त्या गेल्या. नानांचा अण्णा आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. पण त्या चेहऱ्यावर किती वेळ थांबायचं आणि कुठे कापायचं, हे एडिटिंग टेबलापाशी ठरलेलं असतं. ते टेबल कुणाला दिसतं?

मला भयंकर अपराधी वाटलं. अपराधी माणूस करतो तेच मी केलं, एकदम उदार झालो. "तुला को-डायरेक्टर करतो!"

ती उखडलीच. "उन्हात तू होतास. होडी लागून उलट्या तू केल्यास. डायरेक्टर तूच. मी एडिटर आहे. ते काय कमी वाटतं तुला, म्हणून प्रमोशन देतोयस?"

यावर मला अजूनही उत्तर सुचलेलं नाही.

त्या आठवड्यात मी पाटी बदलली. 'अ फिल्म बाय' गेलं. एकाच पाटीवर, एकाच आकारात, 'दिग्दर्शन' आणि 'संकलन', दोन नावं. त्या आजोबांचा नंबर शोधून फोनही केला. ते म्हणाले, "असं होय? मग त्यांनाही सांगा छान होतं म्हणून."

सांगितलं. ती स्क्रीनकडे बघत होती. "पाटी फार वेळ थांबतेय," ती म्हणाली, आणि दोन सेकंद कापले.