गोळी 'सुटली' की 'सोडली'?

शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे माझं मराठी व्याकरण घरी झालं, तेही आईच्या धाकाने. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे अशा जोड्या ती पाठ करून घ्यायची. पहिल्यात गोष्ट आपोआप होते, दुसऱ्यात कुणीतरी ती करतं. 'बशी फुटली' म्हटलं की ओरडा कमी बसतो, हा या व्याकरणाचा घरगुती उपयोग. (हॉस्टेलच्या काचाही कायम 'फुटतातच', हे रेक्टर सरांना माहीत आहे!)

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. रिव्हॉल्व्हर हातातून पडलं आणि गोळी सुटली, अशी बातमी होती. कट्ट्यावर त्यावर बरेच जोक झाले. मला हसू आलं नाही, कारण आमच्या लालबागच्या चाळीतल्या एका काकांचं असंच झालं होतं.

काका सैन्यातून रिटायर होऊन एका सराफाकडे अंगरक्षक म्हणून लागले. जवळ स्वतःचं परवान्याचं .३२ बोअरचं छोटं, जुनं पिस्तूल. जिन्यात ते निसटलं आणि गोळी मांडीत गेली. मालकाने 'निष्काळजीपणा' असा शेरा मारून घरी बसवलं, दवाखान्याचा खर्च काकांच्याच माथी. चाळ म्हणाली, "फौजी माणूस आणि असं?" काका एकच वाक्य म्हणत राहिले, "बोट चापावर नव्हतंच."

मेकॅनिकलला आल्यावर मला या वाक्याची किंमत कळली.

काडतुसाच्या बुडाशी प्रायमर असतो. घोडा फायरिंग पिनवर आदळतो, पिन प्रायमरवर टोचते आणि गोळी जाते. (मुंबईच्या टपोरी भाषेत अख्ख्या पिस्तुलालाच 'घोडा' म्हणतात, तो वेगळा विषय.) म्हणजे खरा प्रश्न बोट कुठे होतं हा नाहीच. चाप न ओढता पिन पुढे जाऊ शकते का, हा आहे.

जाऊ शकते. एक, पिस्तूल तोंडावर पडलं तर. जमिनीला टेकल्यावर पिस्तूल थांबतं, पण आतली मोकळी पिन त्याच वेगाने पुढे जाते. ब्रेक लागल्यावर बसमध्ये आपण जातो तशी. दीड मीटरवरून पडताना हा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर होतो. समजा पिन ५ ग्रॅमची आहे, तर तिची ऊर्जा सुमारे ०.०७३ ज्यूल. तेवढ्याच आकाराची पिन टायटॅनियमची केली तर वजन आणि ऊर्जा दोन्ही ५७ टक्क्यांवर येतात. म्हणून काही कंपन्या हलकी पिन आणि तिच्यामागे कडक स्प्रिंग वापरतात.

दोन, पिस्तूल मागच्या बाजूवर, घोड्यावर आपटलं तर. धक्का घोड्यातून सरळ पिनमध्ये जातो आणि गोळी वरच्या दिशेने. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये याच भीतीने घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. १९७३ मध्ये रुगर कंपनीने ट्रान्सफर बार घातला: चाप ओढला तरच ही पट्टी घोडा आणि पिन यांच्यामध्ये येते, नाहीतर घोडा पिनपर्यंत पोचतच नाही. पिस्तुलात पिनच्या वाटेत खिट्टी बसवतात. १९११ सालच्या डिझाइनला कोल्टने ती १९८३ मध्ये दिली; ग्लॉकमध्ये ती सुरुवातीपासून आहे.

पण खिट्टी असली म्हणजे झालं, असंही नाही. २०१७ मध्ये सिग सॉवरचं पी-३२० पिस्तूल ठराविक कोनात मागच्या बाजूवर पडलं की उडतं, हे उघड झालं. त्यात खिट्टी होती! पण चापच इतका जड होता की आपटल्यावर स्वतःच्या वजनाने मागे जायचा. पहारेकरी जागा होता, त्याला हुकूमच खोटा मिळाला. कंपनीने चाप हलका करून दिला.

हे सगळं फक्त बंदुकांपुरतं नाही. लोकलच्या मोटरमनला डेड मॅन्स हँडल दाबून धरावं लागतं; हात सुटला की ब्रेक लागतो. परळ-लालबागच्या गिरण्यांत ऑटोमॅटिक मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्री लटकत असे. धागा तुटला की पत्री पडायची आणि माग थांबायचा. तिन्हींत हिशोब एकच आहे. माणूस थकणार, घाबरणार, त्याच्या हातून वस्तू पडणार, हे डिझाइन करणाऱ्याने आधीच धरून चालायचं. 'नीट वापरा' ही सूचना म्हणजे सेफ्टी नव्हे.

दिवाळीत काकांना मी वहीत आकृती काढून दाखवली. त्यांनी नीट पाहिली. म्हणाले, "आमच्यात ही खिट्टी नव्हती. कितीदा उघडून साफ केलंय मी." पडलं कसं, विचारल्यावर म्हणाले, "मागच्या बाजूवर. ठण्ण वाजलं, मग गोळी."

"चौकशीत हे सांगितलं नाहीत?"

"बाळा, पडलं का, एवढंच विचारलं. कसं पडलं, ते कुणी विचारलं नाही."

मग त्यांनी स्वतःहून सांगितलं की चेंबरमध्ये काडतूस भरून ठेवायला मालकानेच सांगितलं होतं, वेळेला उशीर नको म्हणून. ते त्यांना पटलं नव्हतं, पण नोकरी होती. शेऱ्यात त्याचाही उल्लेख नाही. हातातून पिस्तूल निसटलं, हे काका नाकारत नाहीत. पण खिट्टी न बसवणारा, भरलेलं ठेवायला सांगणारा आणि हात निसटलेला अशा तिघांतला एकटाच घरी बसला.

उद्या आपल्यातले कुणी पिस्तूल बनवणार नाहीत कदाचित. पण लिफ्ट, प्रेस, गिअरबॉक्स बनवतील आणि अपघाताच्या रिपोर्टवर सहीही करतील. तेव्हा 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' लिहिण्याआधी मशीन उघडून बघा. काकांनी ती आकृती मागून घेतली, घडी करून परवान्याच्या पाकिटात ठेवली. पिस्तूल अजून पोलिसांकडे जमा आहे.