जोत्याखालचे पाणी

आमच्या घराच्या मागच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला लागून वेदी आहे. तिच्याखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, १९९७ च्या पावसाळ्यात प्रथम एक डाग उमटला. तो ताटाएवढा होता. छप्पर गळत असावे अशा समजुतीने आम्ही माणूस लावून कौले चाळून घेतली. दोन-चार फुटकी निघाली, तीही बदलली. डाग वरून खाली उतरत नसून खालून वर चढत आहे, ही साधी गोष्ट ध्यानात यायला मात्र आम्हांला दुसरा पावसाळा लागला.

घर आजोबांनी बांधलेले, चुन्यातले. जोते अडीच फुटांचे, वर विटांच्या जाड भिंती, त्यावर मंगलोरी कौले आणि आत शेणाने सारवलेली जमीन. घरामागे वीस पावलांवर बावखल होते. वसईतल्या आजच्या तरुण वाचकांपैकी कित्येकांनी बावखल पाहिलेही नसेल, म्हणून सांगतो. वाडीत खणलेले हे लहानसे तळे. पावसाळ्यात अंगणाचे, छपराचे, वाडीचे सारे पाणी त्यात उतरे आणि उन्हाळ्यात तेच पाणी रहाटाच्या मडक्यांतून वर येऊन केळीला आणि फुलझाडांना मिळे. वैशाखात तळ उघडा पडला की गाळ उपसून झाडांना घालायचा, हे घरातल्या सर्वांचे काम असे. त्या कामात आम्ही अर्थातच मासे पकडण्यापुरते सामील होत असू. घराभोवती पडलेले पाणी कुठे जाते, असा प्रश्न त्या काळी कुणी विचारला नाही. ते तिथे जात होते.

१९९६ साली आम्हां भावांच्या वाटण्या झाल्या. बावखल धाकट्याच्या वाट्याला गेले आणि त्याने ते बुजवले. पुढची अनेक वर्षे आम्ही लोकांना ही हकिगत इतकीच सांगत आलो. पण लिहायलाच बसलो आहोत तर पुरते लिहिलेले बरे. बुजवण्यास आमची संमती होती. एवढेच नव्हे, तर भरावाच्या गाड्यांचे निम्मे पैसे आम्ही दिले होते, कारण त्या भरावावरून आमच्या मागील दारापर्यंत गाडीवाट होणार होती. त्याआधीच्या वर्षांत हरित वसई संरक्षण समितीच्या सभांना आम्ही जात होतो. वसईचे पाणी, वसईची हिरवाई यांविषयी फादर फ्रान्सिस दिब्रिटो बोलत, तेव्हा आम्ही मनापासून टाळ्या वाजवत होतो. त्या टाळ्याही खऱ्या होत्या आणि भरावाचे पैसेही खरे होते.

भराव आमच्या अंगणापेक्षा फूटभर उंच झाला. पुढचा रस्ताही दर डांबरीकरणागणिक वर येत गेला. घर जागच्या जागी राहिले आणि भोवतालची जमीन वर चढली. अडीच फुटांचे जोते आता जेमतेम फूटभर दिसते.

ओलीवर आम्ही जे उपाय केले, त्यांतील प्रत्येकाने ती वाढवली. पहिल्या गवंड्याने चुन्याचा गिलावा खरवडून चार फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला, त्यात पाणीरोधक पावडर घातली. दोन वर्षे भिंत कोरडी दिसली आणि आम्ही त्याची इतरांकडे शिफारसही केली. तिसऱ्या वर्षी ओल त्या चार फुटांच्या वर, वेदीवरच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे निघाली. मग तैलरंग लावला. त्याला फोड आले. त्यानंतर, २००८ मध्ये मुलीच्या लग्नाच्या निमित्ताने, शहाबादी फरशी काढून गुळगुळीत चकचकीत लाद्या बसवल्या. पाहुण्यांनी लाद्यांची स्तुती केली. पुढच्या पावसाळ्यात मधल्या भिंतीलाही लोणा लागला. पांढरे स्फटिक बोटांना चिकटत आणि हाताच्या स्पर्शाने गिलाव्याचा चुरा होई. आईच्या पेटीतले बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे दाखले एकमेकांना चिकटून एकच लगदा झाले.

सर्वांत मोठी चूक पुढची. कुणीतरी सांगितले म्हणून खोलीच्या कोपऱ्याबाहेर खड्डा खणून त्यात पंप बसवला. तो दिवसरात्र पाणी ओढू लागला, तेव्हा आम्हांला फार समाधान वाटले. आमची जमीन वाळूची. पाण्याबरोबर बारीक वाळूही येत होती, आणि ती आमच्या पायाखालची होती. महिन्याभरात कोपऱ्यातल्या लाद्या बसल्या आणि खिडकीपासून जोत्यापर्यंत तिरकी भेग गेली. वाळूवर घर बांधणाऱ्या माणसाचा दाखला वाचला जातो, तेव्हा आम्ही वसईकर तसेही थोडे चुळबुळतोच. त्या रविवारी आमच्या सौभाग्यवतींनी आमच्याकडे वळून पाहिले.

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई पाण्याखाली गेली, वीज गेली, आणि आमच्या घरात गुडघाभर पाणी उभे राहिले. पाणी ओसरल्यावर आम्ही एका वयोवृद्ध गवंडीबाबांना घेऊन आलो. त्यांनी हत्यार काढलेच नाही. हातभर प्लास्टिकचा तुकडा मागितला, चकचकीत लाद्यांमधल्या सांध्यावर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि दोन दिवसांनी येतो म्हणून गेले. आल्यावर म्हणाले, "थेंब प्लास्टिकच्या वर असते, तर हवेतला दमटपणा थंड लादीवर उतरला म्हटलं असतं. हे खाली आहेत. पाणी जमिनीतून येतंय."

मग त्यांनी समजावले ते असे. विटेतल्या आणि चुन्यातल्या बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर चढते; शाळेत त्याला केशाकर्षण म्हणतात. चुन्याच्या भिंतीतून ते बाष्प होऊन बाहेर पडते, शेणाच्या जमिनीतूनही पडते. आम्ही आधी भिंतीचे तोंड सिमेंटने बांधले, मग जमिनीचे लाद्यांनी. कोंडलेले पाणी जिथे वाट सापडेल तिथवर चढत गेले, आणि वाळताना आपल्याबरोबरचे क्षार मागे ठेवून गेले.

उपायही त्यांनी सांगितला. सिमेंटचा गिलावा उतरवायचा, भिंत एक संपूर्ण उन्हाळा उघडी वाळू द्यायची, मग पुन्हा चुना. घराभोवती चर खणून त्यात खडी आणि भोकांचा पाइप घालायचा. चर पायाच्या तळापेक्षा खोल न्यायचा नाही, नाहीतर पंपाचीच गत. "आणि चरातलं पाणी सोडायचं कुठे?" आम्ही विचारले. शोषखड्ड्याचा पर्याय त्यांनी धुडकावला. पावसाळ्यात ज्या जमिनीत पाणी हातभर खाली असते, तिथे खड्डा शोषणार काय? रस्त्याचे गटार आमच्यापेक्षा उंच. गवंडीबाबांनी मागच्या भरावाकडे बोट दाखवले.

धाकट्याशी आमचे बोलणे नऊ वर्षे बंद होते. ओल आली ती त्याच्यामुळे, असे आम्ही चार माणसांत बोललो होतो. ते त्याच्या कानी गेले होते, आणि निम्म्या पैशांची आठवण त्याच्याही मनात होती. २०१९ च्या उपासकाळात एका संध्याकाळी आम्ही उभयता त्याच्या दारात गेलो. सांगायचे ते सारे घोकून गेलो होतो, पण तोंडून निघाले इतकेच, की भरावाचे निम्मे पैसे आमचे होते. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, माझ्या स्वयंपाकघरातही ओल आहे. मी कुणाला सांगितलं नाही." वहिनींना चहा ठेवायला त्याने आत हाक मारली.

भरावावर त्याचे घर उभे आहे, त्यामुळे बावखल पूर्ववत होणे नाही. पण कोपऱ्यातला तुकडा मोकळा होता. मे महिन्यात तिथे बारा फूट लांब, दहा फूट रुंद खणले. आधी विटांचे तुकडे आणि फुटक्या लाद्या निघाल्या, त्याखाली जुना काळा गाळ लागला. दोन्ही घरांचे चर आता तिथे उतरतात. लाद्या उखडून जुनी शहाबादी आम्ही परत बसवली. परसात रचून ठेवली होती हे नशीब. जमिनीतले पाणी काही कुठे गेलेले नाही, मुसळधार पावसात ते तळे काठोकाठ भरते आणि जोतेही भिजतेच.

या वर्षीच्या श्रावणात वेदीखाली डाग पुन्हा दिसला. सौभाग्यवतींनी पेन्सिलीने त्याच्या वरच्या कडेला रेघ मारून बाजूला तारीख लिहिली आहे. मागच्या वर्षीची रेघ तिच्याहून चार बोटे वर आहे. धाकटा संध्याकाळच्या माळेच्या प्रार्थनेला आला की गुडघे टेकण्याआधी वाकून ती मोजतो. त्याच्या मते, पाच बोटे.