आगगाडीचे दार

आमच्या घरी आगगाडीचे दार आहे असे मी सांगितले, की ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्या तोंडाकडे पाहतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराचे बोलणे कितपत खरे धरावे, असा त्याला प्रश्न पडत असावा. पण दार खरोखरच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी, ओटीवरून माजघरात शिरताना ते लागते. चांगले सागवानी, पण बेताच्या रुंदीचे. अंगाने भरलेल्या पाहुण्याला हातात फराळाचे ताट घेऊन आत यायचे तर थोडे तिरके व्हावे लागते. वरच्या भागात आडव्या पट्ट्यांची झडप, मध्ये पितळेची मूठ, आणि रंगाचे थर खरवडले की आतून डोकावणाऱ्या तीन उभ्या रेघा. तिसरा वर्ग!

हे दार आजोबांनी आणले. ते मुंबईला रेल्वेच्या एका कारखान्यात सुतार होते. १९३८ साली लागले, तेव्हा वय वीस. मोडीत निघालेल्या डब्यांचे लाकूड विकले जाई, तसे हे त्यांनी १९६२ साली विकत घेतले, बोटीने रत्नागिरी बंदरात उतरवले आणि तेथून बैलगाडीत घालून घरी आणले. आजी म्हणाली, "इतकी वर्षे मुंबईत काढलीत आणि आणलेत काय, तर दार! त्यापेक्षा पाटल्या करायच्या होत्या." आजोबा म्हणाले, "पाटल्या कधीतरी मोडाव्या लागतात. हे मोडणार नाही."

कोकण रेल्वेचा सबंध मार्ग खुला झाला तो १९९८ साली. म्हणजे आमच्याकडे गाडीच्या आधी छत्तीस वर्षे तिचे दारच येऊन राहिले होते.

लहानपणी मी त्या दाराला टेकून बसे आणि आजोबा सुपारी कातरता कातरता डबा कसा बांधतात ते सांगत. खाली चाकांवर लोखंडी सांगाडा. त्यावर सागाचे खांब, खांबांना फळ्या, वर बाकदार छत. छतावर जाड कॅनव्हास ताणून बसवायचा आणि त्याला रंगाचे हात द्यायचे, म्हणजे पाऊस आत येत नाही. साग का, तर त्याच्या अंगात तेल असते. वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही आणि आपल्याकडच्या उन्हापावसात तो फारसा फुगत नाही, आकसत नाही. "डबा म्हणजे चाकावरचे घर," आजोबा म्हणत. ते खरेच होते. पहिल्यावहिल्या डब्यांवर घोडागाडीची घडण सरळ दिसे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांतून सुमारे चारशे पाहुणे गेले, तेव्हा ओढणारी तीन इंजिने लोखंडाची होती, पण माणसे बसली होती ती सुतारकामाच्या पोटात.

आजोबांना आपल्या कसबाचा अभिमान फार. १९३० च्या १ जूनला डेक्कन क्वीन सुरू झाली, तेव्हा तिच्या डब्यांचे सांगाडे विलायतेहून आले, पण वरचे अंग माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले, हे ते अशा थाटात सांगत, की जणू स्वतःच रंधा मारायला उभे होते. वास्तविक तेव्हा ते बारा वर्षांचे, गावी गुरे राखत होते!

पुढे काळ पालटला. १९५५ साली मद्रासजवळ पेरांबूरला स्विस कंपनीच्या मदतीने पोलादी डब्यांचा कारखाना निघाला. १९६६ साली डेक्कन क्वीनलाही तिथले डबे लागले. लाकडी डबे हळूहळू मागे पडले. आजोबांचे काही सोबती हळहळले. मला वाटे, आजोबांच्याही पोटात तीच सल असणार आणि म्हणूनच ते दार त्यांनी जपले.

माझा हा समज मोडला तो १९९८ सालीच. आजोबा तेव्हा ऐंशी वर्षांचे, मी सोळा. नव्या गाडीने आम्ही मुंबईस निघालो. डब्यात शिरताच त्यांनी भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केली, वाकून बाकाखाली पाहिले आणि समाधानाने बसले.

मी म्हटले, "आजोबा, तुमच्या लाकडी डब्याची सर नाही ना याला?"

ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. एक बोगदा गेला, दुसरा गेला. मग म्हणाले, "बाळ, ते आपले दार कुठले, ठाऊक आहे तुला? टक्कर झालेल्या गाडीचा डबा कारखान्यात आला होता. मागच्या डब्याचा सांगाडा उचलला जाऊन याच्या अंगात घुसला होता. खालचे लोखंड जवळजवळ जसेच्या तसे, आणि वरचे लाकूड काड्यापेटीसारखे चुरडलेले. एका फळीच्या फटीत लहान मुलीची रिबीन अडकली होती. फळीचा सांधा पाहिला, तर तो माझ्या हातचा. साग उत्तम होता, सांधाही चोख होता. जागा चुकली होती. लाकडाने घर राखावे. धावत्या गाडीत माणसे राखायला पोलादच हवे. या नव्या डब्याला निराळा सांगाडा नाही. तळ, भिंती, छत मिळून एकच अंग. धक्का बसला तर आधी टोके दबतात आणि मधली माणसे वाचतात. हे मला करता आले नसते."

"मग ते दार घरी का आणलेत?"

"तेवढेच शाबूत राहिले होते. रोज हात लागला म्हणजे हाताला गर्व चढत नाही."

आजोबा जाऊन आता बरीच वर्षे झाली. ज्या पेरांबुरी घडणीला त्यांनी मान दिला, तिचीही बांधणी २०१८ साली थांबली. २०२२ साली डेक्कन क्वीनला आणखी नव्या तऱ्हेचे डबे लागले. एका कारागिराने दुसऱ्याला वाट करून द्यायची, असेच हे चालायचे.

गेल्या वर्षी गावचे घर नव्याने बांधायला काढले. जुन्या सागाला भाव आहे. एक व्यापारी दार पाहून गेला आणि त्याने आकडाही बरा सांगितला. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, देऊन टाकू या. सामान आणताना नेहमी अडते." रिबिनीची गोष्ट मी तोवर कोणाजवळ बोललो नव्हतो. त्या रात्री त्याला सांगितली. तो काही बोलला नाही. सकाळी गवंडी माजघराच्या चौकटीचे माप विचारायला आला, तेव्हा भावानेच सांगितले, "दार आहे तेवढीच ठेवा."

यंदाची दिवाळी नव्या घरातली पहिली. पाहुण्यांना अजूनही तिरके होऊनच आत यावे लागेल.