कार्यअहवालात नसलेली खोली

४ जानेवारीच्या रविवारी वंदना आटोपून आम्ही विहाराबाहेरच्या ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात आमचे माजी नगरसेवक कार्यकर्त्यांसह आले. हात जोडून 'जयभीम' केला आणि प्रत्येकाच्या हातात एकेक गुळगुळीत कार्यअहवाल ठेवला. १५ जानेवारीला मुंबई महानगरपालिकेचं मतदान आहे आणि त्यांना पुन्हा निवडून यायचं आहे. त्यांचं नाव आम्ही इथे घेत नाही. माझगाव असो की लालबाग, मुखपृष्ठावरचा फोटो बदलतो, आतला मजकूर साधारण तोच असतो.

आम्ही तो अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचला. गल्ल्यांचं लादीकरण, बाकडी, खुली व्यायामशाळा, सीसीटीव्ही, वह्यावाटप, भीमजयंतीला सहकार्य. यातलं काहीच खोटं नाही. सार्वजनिक शौचालयाची दुरुस्ती खरोखर झाली, आमच्या आयाबहिणींची रात्रीची पायपीट त्यामुळे वाचली. टाळेबंदीत घरोघरी धान्य पोचलं, तेही आम्हाला आठवतं. केलेलं काम नाकारणं ही आमची रीत नाही.

मग आम्हाला खटकलं काय? त्या अहवालात आमची खोली कुठेच नव्हती.

आमच्यातले बरेचजण सफाई कामगारांची मुलं. आजोबा पालिकेत, वडील पालिकेत, आणि राहायला पालिकेची सेवानिवासस्थानं. कामगार निवृत्त झाला की खोली सोडायची, असा नियम. ज्या माणसाने उभं आयुष्य या शहराचा कचरा उचलला, त्याने म्हातारपणी शहराबाहेर जायचं! आमच्यातल्या दोघांचे वडील येत्या दोन-तीन वर्षांत निवृत्त होतील. त्या घरांत रात्री जेवताना दुसरा विषय नसतो.

यावर उपाय कागदावर आहे. दीर्घ सेवा केलेल्या सफाई कामगाराला मालकी हक्काचं घर मिळावं म्हणून राज्य सरकारने २००८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना आणली. नाव बाबासाहेबांचं, घाम आमच्या बापाचा. पालिकेची आश्रय योजना वसाहतींचा पुनर्विकास करते खरी, पण सेवेची खोली मोठी झाली म्हणून मालकीची होत नाही.

आणि पालिकेच्या घरात राहणं म्हणजे काय, हे माझगावला वेगळं सांगायची गरज नाही. २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केटची इमारत कोसळली. पालिकेचीच इमारत, पालिकेच्याच बाजार खात्यातल्या कर्मचाऱ्यांची कुटुंबं आत. ६१ माणसं गेली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. त्या दिवसापासून भिंतीला नवी चीर दिसली की आमच्या आया आधी मुलांना बाहेर काढतात.

म्हणून ओट्यावर आम्ही साहेबांना एकच प्रश्न विचारला, "आमच्या खोल्यांसाठी तुम्ही सभागृहात काय केलंत?" ते शांतपणे म्हणाले, "तो अधिकार आयुक्तांचा आणि सरकारचा आहे, नगरसेवकाच्या हातात नाही." उत्तर अर्धं खरं आहे. घर देणं नगरसेवकाच्या हातात नाही. पण आयुक्तांना प्रश्न विचारणं, ठरावाची सूचना मांडणं, प्रभाग समितीत अधिकाऱ्याला जाब विचारणं हे कोणाच्या हातात आहे? पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा आहे. तो कुठे खर्च व्हावा हे बोलण्यासाठी नगरसेवक असतो. बाकड्यावर नाव रंगवण्यासाठी नव्हे.

इथे कोणी म्हणेल, मग ठराव मंजूर झाला की खूश व्हाल का? नाही. आम्हाला महाड ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. आजच्यासारखे कार्यअहवाल तेव्हा असते तर 'तळे सर्वांसाठी खुले' असं पहिल्याच पानावर छापलं असतं. प्रत्यक्षात पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले तेव्हा. आणि त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागेही घेतला. तेव्हा आमची कसोटी साधी आहे. योजना जाहीर झाली, ठराव झाला, फलक लागला, ही सगळी सुरुवात. माणसाच्या हातात किल्ली पडली, ते काम.

पण खरा दोष आमच्याकडेही आहे आणि तो लपवून हा लेख पुरा होणार नाही. अहवालातली 'भीमजयंतीला सहकार्य' ही ओळ आमची आहे. मंडप, स्पीकर, टी-शर्ट यांसाठी आम्हीच त्यांच्या कार्यालयात गेलो होतो. पाच वर्षांत तिथे कितीतरी वेळा गेलो, पण खोल्यांचा अर्ज घेऊन एकदाही नाही. जे मागितलं ते त्यांनी दिलं. आम्ही मागितलंच स्पीकर!

आणि म्हणून 'सगळे सारखेच, मतदान कशाला' हेही आम्हाला मान्य नाही. ७ मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासक बसला. त्या काळात दाद मागायला कोणीच उरलं नव्हतं. पालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकाराने पहिल्यांदा झाली ती १९४८ साली. त्याआधी कर आणि भाडं भरणाऱ्यांचं मत होतं, रस्ता झाडणाऱ्याचं नव्हतं. बाबासाहेबांनी ज्या प्रौढ मताधिकारासाठी सायमन कमिशनपुढे बाजू मांडली, तो मत न देता वाया घालवायचा?

त्याच संध्याकाळी आम्ही तीन प्रश्न एका कागदावर लिहिले. श्रमसाफल्य योजनेतून या वसाहतीतल्या किती जणांना घर मिळवून देण्याचा पाठपुरावा तुम्ही करणार? आमच्या इमारतींचा संरचनात्मक तपासणी अहवाल वसाहतीत सर्वांसमोर वाचून दाखवणार का? सभागृहात विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरं दर सहा महिन्यांनी इथे, या ओट्यावर येऊन सांगणार का? हा कागद आम्ही फक्त माजी नगरसेवकांना नाही, प्रत्येक उमेदवाराला देतो आहोत, आणि लेखी उत्तर मागतो आहोत. निळा झेंडा घेऊन येणाऱ्यालाही सूट नाही.

आणखी एक ठरलं. येत्या १४ एप्रिलची जयंती आम्ही घरटी वर्गणीतून करू. मंडप लहान होईल, आवाज कमी होईल. पण पुढच्या वेळी कोणी अहवाल घेऊन ओट्यावर आलं, तर आम्हाला मान खाली न घालता प्रश्न विचारता येईल.

तुमच्या वस्तीतही अहवाल आला असेल. आधी त्यात काय नाही ते शोधा, मग मत द्या.

जयभीम!