खोटं सोसत नाही

गॅदरिंगच्या कोळीनृत्यात कानात मोठाली खोटी झुमकी घातली, तेव्हा मी चौथीत होते. घरी येईपर्यंत पाळ्या लालबुंद, सकाळी उशीवर पिवळ्या पाण्याचे डाग. आजीने तेलात हळद कालवून लावली आणि शेजारच्या काकूंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “आमच्या हिला खोटं सोसत नाही.” मला ते बक्षीसच वाटलं. पुढे तिच्या सोन्याच्या कुड्या माझ्या कानात आल्या. डावा कान त्यांतही खाजायचा. ती नजर, असं ठरलं.

कॉलेजात मैत्रिणी तुळशीबागेतली कानातली दिवसभर मिरवायच्या. मी आकड्याला नेलपॉलिश फासून जेमतेम तीन तास काढायचे. घाम आला की संपलं. मग जीन्सच्या बटणाने बेंबीखाली चट्टा उठवला. आता बटण काय सोन्याचं लावायचं?

त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. 48 तास पाठीला पाणी नाही. पट्ट्या निघाल्या तर एकाच ठिपक्याखाली कातडी पेटलेली: निकेल. घामाने ते धातूतून सुटतं, कातडीत उतरतं, आणि शरीराने एकदा त्याच्याशी वैर धरलं की ते बहुधा जन्माचं. खऱ्या-खोट्याचा इथे संबंधच नाही. माझी पांढऱ्या सोन्याची अंगठी चांगली 18 कॅरेटची, तरी बोट चिघळलं. पिवळेपणा घालवायला त्यात निकेलच मिसळलेलं होतं. उलट तांब्याचं कडं मनगट हिरवं करतं, पण मुकाट्याने राहतं.

हल्ली मी कानातली स्वतःच वळते, नायोबियमच्या तारेची. त्याला सोन्याचांदीसारखा डाख देता येत नाही, म्हणून प्रत्येक जोड पक्कडीने वेटाळायचा. विजेचा प्रवाह दिला की तीच तार जांभळी, निळी होते, रंगाचा थेंबही न लावता. दागिना तपासायला दोन बाटल्या ठेवल्या आहेत: दोन्हींतला एकेक थेंब कापसावर घेऊन धातूवर घासायचा, निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो.

परवा आजीच्या कुड्या घासून पाहिल्या. दोन्ही कुड्या, कापूस पांढराच. उजवी फिरकी, पांढराच. डावी फिरकी जरा जाड, आटेही वेगळे. मूळची कधीतरी न्हाणीत वाहून गेली असणार आणि आजीने गुपचूप दुसरी बसवून घेतली असणार. कापूस पेपरमिंटच्या गोळीसारखा गुलाबी झाला.